वादळानंतरची फळीबंदी: दहा उघड्या खिडक्या आणि दोन दारांच्या नोंदी

काम चार बांधकामांचं आहे: वादळात मोडलेल्या खिडक्या-दारं पक्की दुरुस्ती होईपर्यंत प्लायच्या फळ्यांनी बंद करायची. (अ) दगड-मातीत रचलेलं बंद घर: भिंत ४५० मिमी, ९०० × १२०० च्या सहा खिडक्या, १००० × २१०० चं एक दार. (ब) विटांचं राहतं घर: भिंत २३० मिमी, १२०० × १२०० च्या तीन खिडक्या फुटलेल्या, चौथीच्या एका झडपेच्या काचेला तडा. (क) गोठा: १५०० × ९०० च्या दोन मोकळ्या खिडक्या. गोठा मोकळाच असतो म्हणून त्या मूळ हिशेबात नव्हत्या, नंतर धरल्या. (ड) अवजारांची खोली: दुपाखी दार, एक पाखं निखळलेलं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत, रुंदी आधी आणि उंची नंतर.

९ ऑक्टोबर, दुपारी ४

चारही ठिकाणचे मेन स्विच बंद केले. (अ)च्या पडवीवर तुटलेली वायर लोंबत होती, ती मृत असल्याची खात्री होईपर्यंत त्या बाजूला शिडी लावली नाही. लिंटेलखाली (खिडकी-दारावरच्या आडव्या तुळईखाली) तिरके तडे कुठे नाहीत. असते तर आधी टेकू, मग फळी. सरकत्या भिंतीवर प्लाय ठोकून काही साधत नाही.

(अ)च्या चौकटी रंगवलेल्या आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर नुसत्या तळहाताच्या जोराने टोचला तर दांड्यापर्यंत आत गेला. वरचा रंगाचा पापुद्रा शाबूत, आत वाळवीचा भुसा. सहाही खिडक्यांची तीच गत. पातं ५ मिमीपेक्षा जास्त रुतलं तर त्या लाकडात स्क्रू धरत नाही, हा आमचा नियम. भिंतीच्या सांध्यातली माती किल्लीने खरवडली की पिठासारखी गळते, म्हणजे अँकर फास्टनरचाही उपयोग नाही. फास्टनर फुगून भोकाच्या कडांना रेटतो आणि इथे त्या रेट्याने दगडच हलेल. (अ)ला भिंत दोन बाजूंनी चिमटीत पकडायची, भिंतीत एकही भोक नाही.

(ब)च्या चौकटी ७५ मिमी जाडीच्या आणि सणसणीत आहेत. तिथे स्क्रू चालेल.

हे आधी लिहून ठेवायचं कारण एवढंच की चर्चा नेहमी प्लाय किती जाड घ्यायचा यावर होते. आजवर निघालेल्या फळ्यांत मोडलेला प्लाय क्वचित दिसला. सुटते ती पकड.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक खिडकीचे दोन फोटो काढले, एक बाहेरून, एक आतून. विम्याच्या कामाला हेच लागतात. फळी लागल्यावर नुकसान दाखवता येत नाही.

९ ऑक्टोबर, रात्री ८

प्लाय उद्या येणार. आज फक्त पाऊस अडवायचा. ताडपत्रीच्या वरच्या कडेला ५० × ५० ची पट्टी ठेवून कापड तिच्याभोवती दोन वेढे गुंडाळलं. पट्टीला दोर बांधून तो खिडकीतून आत घेतला आणि आत खिडकीपेक्षा लांब अशा आडव्या पट्टीला बांधून काठीने पीळ दिला. भिंतीला खिळाही लागत नाही आणि पिळाने ताडपत्री भिंतीला चिकटून बसते. खालची कडही तशीच बांधली.

(ब)च्या एका खिडकीवर ताडपत्री नुसत्या कडीच्या भोकांतून बांधली होती. दोन तासांत तीन कड्या उपटून आल्या. वाऱ्याचा सगळा हिसका त्या एका नाण्याएवढ्या जागी येतो. वेढे घातले की तो संपूर्ण कडेवर वाटला जातो.

१० ऑक्टोबर, सकाळी ७

काचा काढल्या. नेहमी वरून खाली. खालचे तुकडे आधी काढले तर वरचा सुळका मनगटावर येतो. जाड चामडी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, खाली ताडपत्री, तुकड्यांसाठी पत्र्याची बादली. गोणी नको, ती फाडून काच पोटरीला लागते. चौकटीत अडकलेल्या तुकड्याभोवतीची वाळलेली लांबी (काच बसवायची पुट्टी) पटाशीने खरवडली, मग तुकडा पकडीने खोबणीच्या सरळ रेषेत ओढला. हिसडा दिला तर तो मधेच मोडतो आणि अर्धा आत राहतो.

गोठ्याजवळची माती चाळणीने चाळली. काच गवतात राहिली तर जनावराच्या पोटात जाते.

मापं: प्रत्येक खिडकीची रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, शिवाय दोन्ही कर्ण. (ब)ची पहिली खिडकी कागदावर १२००, पण गिलाव्यामुळे गाळ्यात (भिंतीतल्या मोकळ्या जागेत) ११८८, ११९३, ११९६. फळी गाळ्यात बसवायची असेल तर सर्वात लहान मापातून दोन सूत, म्हणजे ६ मिमी, वजा. इथे ११८२. भिंतीवरून लावायची असेल तर उलट, सर्वात मोठ्या मापात चारही बाजूंना १०० मिमी जास्त.

८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० × १२२०. (अ)ची फळी ११०० × १४०० होते, म्हणून एका शीटमधून एकच निघते आणि १०४० × १२२० चा तुकडा उरतो. असे सहा तुकडे. एका गोठ्याच्या खिडकीला ८५० मिमी रुंदीचे दोन जोडले की १७०० भरतात. दोन्ही खिडक्यांना चार तुकडे, दोन शिल्लक.

मागवलेलं साहित्य:
वॉटरप्रूफ प्लाय १२ मिमी – ७ शीट (६ अ, १ ब). १८ मिमी – १ शीट, (अ)च्या दाराला
पट्टी ७५ × ५० – ३४ मीटर. १०० × ५० – १२ मीटर
आट्यांची सळई १० मिमी, २ मीटर लांबीची – १०. नट ८०, रुंद वॉशर ८०
५ × ७५ लाकडी स्क्रू – २००, रुंद वॉशरसह
पॉलिकार्बोनेट ६ मिमी – १ तुकडा. न्यूट्रल सिलिकॉन – ४ नळ्या. जाळी, बिजागऱ्या, कडी-कोयंडा

साधा कमर्शियल प्लाय स्वस्त पडतो, पण दोन पावसांत कडा फुगून थर सुटतात, आणि स्क्रू कडेपासून इंचभरावरच असतो. वॉटरप्रूफ घेतला तरी कापलेल्या कडांना रंगाचा एक हात हवाच, पाणी तिथूनच शिरतं. १२ मिमीची अख्खी शीट साधारण २३ किलो, १८ मिमीची ३५. वाऱ्यात शीट उचलायला दोघं लागतात, वजनासाठी नव्हे, शिडासाठी.

११ ऑक्टोबर

(ब), खिडकी १ व २. फळी चौकटीला टेकेना. बंद झडपांची पाणपट्टी (पावसाचं पाणी बाहेर टाकणारी पट्टी) चौकटीच्या १५ मिमी पुढे येते. उरल्यासुरल्या प्लायच्या पट्ट्या दुहेरी लावून चौकटीभोवती २४ मिमी उंची उचलली. आता हिशेब असा: १२ + २४ = ३६, स्क्रू ७५ चा, चौकटीत ३९ मिमी जातो. ३८ च्या खाली जाऊ देत नाही. ६० चे स्क्रू आणले असते तर फसलो असतो. म्हणून स्क्रूची लांबी खिडकी पाहूनच ठरवायची.

आधी ३ मिमीचं भोक, मग स्क्रू. भोकाशिवाय जुनं कडक लाकूड चिरतं. अंतर १५० मिमी, फळीच्या कडेपासून २५ मिमी आत. एका खिडकीला ३२ स्क्रू झाले. ताशी १४४ किमीच्या वाऱ्यात, म्हणजे सेकंदाला ४० मीटर, चौरस मीटरवर साधारण १०० किलोचा दाब येतो. दीड चौरस मीटरच्या आतल्या या फळीवर १४० किलो. ३२ स्क्रूंत वाटला तर प्रत्येकी साडेचार किलोही नाही, आणि आठ स्क्रूंतही तो जमला असता. मग ३२ कशाला? अंतर मोठं ठेवलं की मधली कड फडफडते. फडफडीने भोक रुंदावतं, मग स्क्रूचं डोकं प्लायमधून आरपार निघतं. शिवाय मोठ्या अंतरात पहारीचं टोक सहज शिरतं.

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू पेटीत सापडले, बाजूला काढले. ते कडक असतात, पण ठिसूळ. कडेने हिसका बसला की डोकं टक्कन उडतं.

सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना. खाली नाही, आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर यायचं.

खिडकी ३, स्वयंपाकघर. दिवसभर माणसं वावरतात, तिथे अंधार नको म्हणून पॉलिकार्बोनेट. ऊन-थंडीत ते बरंच हलतं: ४० अंशांच्या फरकाला मीटरमागे सुमारे २.७ मिमी. म्हणून स्क्रूपेक्षा भोक ३ मिमी मोठं, वॉशरखाली रबर, आणि स्क्रू नुसता टेकेपर्यंत. आवळला तर उन्हात फुगवटा येतो, मग भोकापासून चीर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरायचं नाही, न्यूट्रलच.

खिडकी ४, झोपायची खोली. ही बंद करायची नाही. दाराशिवाय बाहेर पडायची त्या खोलीला हीच एक वाट आहे. तडा गेलेली ४५० × १००० ची काच काढून त्याच झडपेवर बाहेरून ५०० × १०५० चा प्लाय लावला, उरलेल्या तुकड्यातून. ४ मिमीची काच साडेचार किलोची होती, प्लाय चार किलोचा. बिजागऱ्यांवरचं ओझं वाढलं नाही आणि झडप पूर्वीसारखी आतून उघडते. राहत्या घरात कोणती खिडकी बंद करायची यापेक्षा कोणती करायची नाही, हे आधी ठरवावं.

१२ ऑक्टोबर

(अ), दिवसभर. रचना अशी: बाहेर प्लाय, त्यावर दोन आडव्या पट्ट्या ११०० च्या. आत दोन पट्ट्या १३०० च्या, म्हणजे भिंतीवर दोन्हीकडे २०० मिमी टेकतील अशा. चार सळया चारही पट्ट्यांतून आरपार, गाळ्याच्या बाजूंपासून १५० आत, वरून व खालून ३०० वर. खिडकीच्या गजांमधून सळई जाते, पण गज कुठे येतो ते पाहून भोक १०–१५ मिमी सरकवावं लागतं. म्हणून भोकं जमिनीवर आधीच पाडून ठेवायची नाहीत. फळी जागी धरून आतून खूण करायची.

सळईची लांबी: पट्टी ५० + प्लाय १२ + भिंत ४५० + दोन्हीकडचा गिलावा ४० + पट्टी ५० = ६०२, वॉशर-नटाला ४०, म्हणून ६५०. २ मीटरमधून तीन निघतात, वाया फक्त ५० मिमी. २४ तुकड्यांना आठ सळया, उरलेल्या दोन दाराला.

कापण्याआधी सळईवर नट चढवून घ्यायचा, मग ग्राइंडर. कापून झाल्यावर तोच नट टोकावरून उलटा काढला की चेंगरलेले आटे साफ होतात. हे विसरून पहिले सहा तुकडे कापले गेले. त्यांची टोकं कानशीने घासून नट धरायला लावण्यात पाऊण तास गेला.

बाहेरच्या टोकाला नट वेल्ड केले. नुसता नट ठेवला तर कोणीही पान्हा घेऊन फळी उतरवेल. वेल्डिंगसाठी सळई बिनजस्ताची घेतली, जस्ताचा धूर फुप्फुसाला वाईट. वेल्डवर नंतर जस्ताचा रंग.

आवळणं कर्णाने: वर डावा, खाली उजवा, वर उजवा, खाली डावा. वॉशर लाकडात रुतायला लागला की पाव फेरा, मग थांबायचं. तिसऱ्या खिडकीला आतली वरची पट्टी एकाच पुढे आलेल्या दगडावर टेकली होती. नट आवळताना तो दगड हलला आणि खालून माती गळली. सगळं सैल केलं. दगडाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी दिल्या, पट्टीमागे जुन्या ट्यूबचं रबर, मग पुन्हा आवळलं. खडबडीत भिंतीवर पट्टी किमान तीन ठिकाणी टेकली पाहिजे. हाताने हलवून पाहिली की लगेच कळतं.

फळीच्या वर भिंतीची माती-गिलावा खरवडून ५० मिमीचा पत्र्याचा झोक बसवला, भिंतीवरून उतरणारं पाणी फळीमागे जाऊ नये म्हणून.

सगळे नट आतून आवळले जातात, त्यामुळे खिडक्या आधी, दार शेवटी. उलट केलं तर शेवटचा माणूस आत राहतो. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण घाईत क्रम चुकतो.

प्रत्येक फळीवर आणि आतल्या चौकटीवर एकच क्रमांक टाकला: अ-१ ते अ-६. काढताना व पुन्हा लावताना उपयोगी.

१३ ऑक्टोबर

(अ)चं दार. झाडाच्या फांदीने पाखं मोडलं, चौकट उभी चिरली. हे एकच दार ये-जा करायला ठेवायचं, म्हणून नुसती फळी नाही. भिंतीच्या बाहेर एक आणि आत एक अशा १०० × ५० च्या दोन चौकटी, भिंतीवर ६० आणि गाळ्यात ४० पुढे. या ४० मिमीतून सहा सळया, प्रत्येक बाजूला तीन. भिंत पुन्हा चिमटीत. मोकळी वाट ९२० राहते, माणूस आणि खाट दोन्ही जातात. उंबऱ्याला आडवं काही नाही.

१८ मिमीचं पाखं बाहेर उघडणारं, १०० मिमीच्या तीन बिजागऱ्या. बिजागरीची खीळ बाहेर येते, ती ठोकून काढता येते. म्हणून बिजागरीच्या बाजूने चौकटीत ७५ मिमीच्या दोन लोखंडी खुंट्या रोवल्या, पाखं बंद झालं की त्या त्याच्या भोकात शिरतात. खीळ काढली तरी पाखं निघत नाही. कडी-कोयंडा स्क्रूने नव्हे, गोल टोपीच्या ८ मिमी बोल्टने, नट आतून.

कुलूप लावण्याआधी माळ्यासह सगळ्या खोल्या टॉर्चने पाहिल्या. मांजर किंवा वटवाघूळ आत कोंडलं गेलं तर ते घराला भोवतं आणि त्यालाही. माळ्यावर वटवाघळं होती. ती अंधार पडल्यावर बाहेर गेल्याचं पाहून मगच वरची फट जाळीने बंद केली.

(ड): निखळलेल्या पाख्याची बिजागरी फक्त उपटली होती. जुन्या भोकांतून आरपार ८ मिमी बोल्ट. अर्धा तास.

१४ ऑक्टोबर

गोठा. ८५० × ७०० चे दोन तुकडे मधे उभ्या पट्टीवर जोडले, दोन्हीकडून स्क्रू एकमेकांच्या समोर न येतील असे. लोखंडी खांबांना स्वतः भोक पाडणारे स्क्रू. खिडकी ९०० उंच, पण वरचे २०० मिमी मुद्दाम उघडे ठेवले. शेण-मुताचा अमोनिया कोंडला तर जनावरांना खोकला लागतो. तोंड पोचेल तिथे सिलिकॉन किंवा रंग नाही, जनावर चाटतं. आत निघालेली स्क्रूची टोकं ग्राइंडरने साफ. कड घासायला जनावराला आवडते, म्हणून खालच्या कडेला जास्तीची पट्टी.

१६ ऑक्टोबर

रात्री जोरदार वारा. (ब)-२ ची खालची डावी बाजू वाजत होती. दोन स्क्रू गिलाव्याच्या फुगवट्यावरून गेले होते, प्लाय तिथे चौकटीपासून ३ मिमी सुटा. गिलावा तासून पुन्हा बसवली. फळी लावल्या लावल्या चारही कडांवर मूठ आपटून ऐकावं, भरीव आवाज येत नाही तिथे पोकळी असते.

२२ ऑक्टोबर

दहा दिवसांनी (अ)चे नट पाहिले. बहुतेक एक फेरा घ्यायला निघाले. १० मिमी सळईचा एक फेरा म्हणजे १.५ मिमी, ओल्या पट्ट्या तेवढ्या वाळल्या आणि दबल्या. त्यानंतर दुसरा नट चढवून पहिल्यावर घट्ट केला. पहिल्याच दिवशी दोन नट लावले असते तर हे सैल होणं लपलं असतं.

आत शिरताच ओलीचा वास. उत्तरेच्या भिंतीवर खाली काळपट बुरशी. चूक कामातलीच: चार ते सहा क्रमांकांच्या फळ्यांना सिलिकॉन खालच्या बाजूलाही गेलं होतं आणि हवेची भोकं राहून गेली. भिजलेली मातीची भिंत बंद घरात वाळत नाही. खालचं सिलिकॉन कापून काढलं. प्रत्येक फळीत वरच्या कडेखाली ५० मिमीची तीन भोकं, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांना खालीही तीन, म्हणजे हवा खालून येऊन वरून जाते. भोक आतल्या बाजूला चढतं तिरकं, पावसाचं पाणी बाहेरच परततं. आतून बारीक जाळी. भोक ५० पेक्षा मोठं नको, हात शिरून नटापर्यंत पोचता कामा नये.

५ नोव्हेंबर

वास गेला, भिंतीचा वरचा भाग वाळला, खालचे दोन फूट अजून गडद आहेत.

(ब)-१ व २ ची काच बसली, फळ्या उतरवल्या. चौकटीतली ६४ भोकं लाकडी काड्या गोंदात बुडवून ठोकून भरली. नुसती लांबी भरली तर वर्षात पडते. फळ्या क्रमांकासह उभ्या ठेवल्या, आडव्या ठेवल्या तर बाक येतो. (अ)च्या फळ्या चौकटी बदलेपर्यंत राहणार. पुढची पाहणी २० नोव्हेंबरला: नट, खालच्या कडांचा रंग, जाळ्या.